खेळातील वीज आणि तिचा जमाखर्च

संध्याकाळी दुकानाचे शटर खाली येते, गल्ला मोजून होतो, दिवसाचा रोजमेळ जुळतो आणि घरातील ज्येष्ठ मंडळी दिवाणखान्यात येऊन टेकतात. त्याच वेळी आतल्या खोलीत संगणकासमोर बसलेला आठवी-नववीतील नातू एकाएकी कपाळावर हात मारून घेतो. काय झाले म्हणून विचारावे तर उत्तर येते, "आजोबा, एमएफएसयूची तार थेट मॅसरेटरला जोडली. सगळं उडालं!" आजोबांना यातले एक अक्षर कळत नाही. मात्र जन्मभर व्यापार केलेल्या माणसाच्या तोंडून सहज प्रश्न निघतो, "माल किती गेला?"

असे प्रसंग आता पुष्कळ कुटुंबांत घडतात. त्यानंतर बहुतेक ठिकाणी एकच निर्णय होतो: खेळ बंद, अभ्यासाला बसा. वेळेची मर्यादा हवीच, याविषयी दुमत नाही. परंतु मुलाचे नेमके काय उडाले, का उडाले आणि ते उडू नये म्हणून त्याने काय करायला हवे होते, हे समजून न घेता दिलेला निर्णय एक चांगली संधी गमावतो. कारण त्या स्फोटामागे ट्रान्सफॉर्मर आणि वीजसाठवण यांचे एक सुसंगत हिशेबशास्त्र आहे, आणि हिशेब ही तर व्यापारी घराची मातृभाषा.

खेळ कोणता, भर कसली

या खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधील मार्कुस पेर्सोन यांनी तो निर्माण केला. २००९ मध्ये तो प्रथम लोकांसमोर आला आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. मोजांग ही त्याची निर्माती कंपनी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर देऊन विकत घेतली. खेळातील सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे असते. खाणीतून दगड, कोळसा, लोखंड, तांबे काढावे, घर बांधावे, शेती करावी. ठरलेली वाट नाही आणि जिंकण्याची सक्तीही नाही. वाळूत खेळणाऱ्या मुलासारखी मोकळीक असल्यामुळे अशा खेळांना 'सँडबॉक्स' म्हणतात.

मूळ खेळात वीज जवळजवळ नाहीच. 'रेडस्टोन' नावाची लाल पूड संकेत वाहून नेते; पण ती घंटीच्या बटणासारखी. तिच्यावर कारखाना चालत नाही. ही उणीव खेळणाऱ्यांनीच भरून काढली. मूळ खेळावर इतरांनी रचलेल्या अशा भरीला 'मॉड' म्हणतात. त्यांतील सर्वांत गाजलेल्यांपैकी एक म्हणजे 'इंडस्ट्रियलक्राफ्ट २'. या मॉडमुळे खेळात जनित्रे, तारा, ट्रान्सफॉर्मर, साठवणपेट्या आणि विजेवर चालणारी यंत्रे आली. त्याच्या आवृत्त्या अनेक असून त्यांत आकडे थोडेफार बदलतात. पुढील विवेचनातील आकडे या मॉडच्या जुन्या, अभिजात समजल्या जाणाऱ्या आवृत्तीतील आहेत.

नाणे आणि काळ

कोणताही हिशेब मांडण्यापूर्वी त्याचे एकक ठरवावे लागते. या मॉडमधील विजेचे नाणे म्हणजे 'ईयू', अर्थात ऊर्जा एकक. काळाचे माप म्हणजे 'टिक'. एका सेकंदात २० टिक होतात. दर टिकला किती ईयू मिळाले आणि किती खर्च झाले, यावर साऱ्या कारखान्याचा जमाखर्च उभा राहतो.

जमेच्या बाजूला साधे जनित्र आहे. ते दर टिकला १० ईयू देते. त्यात कोळशाचा एक तुकडा घातला की एकूण ४,००० ईयू मिळतात, म्हणजे एक तुकडा २० सेकंद पुरतो. सौरपट्टी दर टिकला अवघा १ ईयू देते, तोही फक्त दिवसा आणि आकाश उघडे असताना. रात्री व पावसात तिचे उत्पन्न शून्य. तिला इंधनाचा खर्च मात्र नाही. खर्चाच्या बाजूला मॅसरेटर हे यंत्र आहे. खनिज दळून त्याची पूड करणारी ही गिरणीच. तिला दर टिकला २ ईयू लागतात. एका सौरपट्टीवर ती अखंड चालणार नाही, हे लहान मूलही दोन-तीन दिवसांत शिकते. उत्पन्नापेक्षा खर्च मोठा असला की धंदा थांबतो, हा धडा इथे आपोआप मिळतो.

नग आणि हमाली

आता या व्यवस्थेचे खरे मर्म. खेळातील वीज तारेतून पाण्यासारखी अखंड वाहत नाही. ती गठ्ठ्यांच्या रूपाने जाते. एका गठ्ठ्यात किती ईयू आहेत, त्यालाच खेळात 'व्होल्टेज' किंवा दाब समजतात. ३२ ईयूपर्यंतचा गठ्ठा म्हणजे कमी दाब, १२८ पर्यंत मध्यम, ५१२ पर्यंत उच्च आणि २,०४८ पर्यंत अतिउच्च दाब. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या चौपट.

तारेतून जाताना वीज वाटेत थोडी झिजते, परंतु ही तूट गठ्ठ्यातील मालावर बसत नाही. ती दर गठ्ठ्यामागे बसते. वाहतुकीचा धंदा जाणणाऱ्याला हे लगेच उमगेल. हमाली वजनावर न घेता दर नगावर घेतली, तर शहाणा व्यापारी काय करील? चार लहान पेट्या बांधून एक मोठी पेटी करील. माल तेवढाच, नग मात्र एक.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वेष्टन असलेल्या तांब्याच्या तारेत दर ठोकळ्यामागे प्रत्येक गठ्ठ्यातून ०.२ ईयू झिजतात. कोळशाचे जनित्र गावाबाहेर असून कारखाना ८० ठोकळे दूर आहे असे समजू. ३२ ईयूचा प्रत्येक गठ्ठा वाटेत १६ ईयू गमावील. निम्मा माल रस्त्यात सांडला! त्याऐवजी चार गठ्ठ्यांचा एक करून १२८ ईयूचा गठ्ठा दुहेरी वेष्टनाच्या सोन्याच्या तारेतून पाठवला, तर दर ठोकळ्यामागे ०.४ ईयू, म्हणजे एकूण ३२ ईयू झिजतील. तूट एक चतुर्थांशावर आली. ५१२ ईयूचा गठ्ठा चौपदरी वेष्टनाच्या लोखंडी उच्चदाब तारेतून पाठवला, तर दर ठोकळ्यामागे ०.८ प्रमाणे ६४ ईयू जातील. तूट साडेबारा टक्के. त्याच तारेतून २,०४८ ईयूचा गठ्ठा गेला तरी झीज तेवढीच ६४ ईयू; तूट जेमतेम तीन टक्के. तारा अधिक महाग, प्रत्येक नगामागील हमालीही अधिक, तरीही एकूण व्यवहार फायद्याचा. काचतंतूची तारही आहे, जिच्यात ४० ठोकळ्यांमागे फक्त १ ईयू झिजतो; पण ती बनवायला हिरा खर्ची घालावा लागतो. जवळच्या अंतरासाठी तांबे, दूरसाठी लोखंड, आणि हिरा कोठे खर्चावा याचा विवेक, असा हा हिशेब आहे.

ट्रान्सफॉर्मरचे काम

चार पेट्यांची एक पेटी बांधणे आणि मुक्कामी पोहोचल्यावर ती पुन्हा फोडून चार करणे, हेच या खेळातील ट्रान्सफॉर्मरचे काम. त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला ३२ आणि १२८ यांच्यामध्ये, दुसरा १२८ आणि ५१२ यांच्यामध्ये, तिसरा ५१२ आणि २,०४८ यांच्यामध्ये. ठोकळ्याच्या सहा बाजूंपैकी एक बाजू उच्च दाबाची असते, उरलेल्या पाच कमी दाबाच्या. सामान्य स्थितीत तो उतरवण्याचे काम करतो. उच्च बाजूने मोठा गठ्ठा आत घेतो आणि दुसऱ्या बाजूंनी चार लहान गठ्ठे बाहेर देतो. त्याला रेडस्टोनचा संकेत दिला की तो उलट चालू लागतो. पाच बाजूंनी आलेले लहान गठ्ठे जमवून उच्च बाजूने एक मोठा गठ्ठा सोडतो.

इथे एक गोष्ट मुलांच्या ध्यानात यायला वेळ लागतो. ट्रान्सफॉर्मर वीज निर्माण करत नाही. १० ईयू देणाऱ्या एका जनित्राला तो जोडला, तर १२८ चा एक गठ्ठा साठायला सुमारे १३ टिक लागतात. तेवढा वेळ पलीकडे काहीच जात नाही. पेटी मोठी झाली म्हणजे माल वाढला, असे नव्हे.

आणि आता त्या स्फोटाचे कारण. मॅसरेटरसारखी साधी यंत्रे ३२ ईयूपर्यंतचाच गठ्ठा सोसतात. एका टिकला ३२ चे चार गठ्ठे आले तरी त्यांना इजा होत नाही. पण १२८ चा एकच गठ्ठा आला, तर यंत्र फुटते आणि आजूबाजूचे ठोकळेही घेऊन जाते. एकूण आकडा तोच, परिणाम अगदी भिन्न. शंभराच्या चार नोटा सहज मोडणारा लहान दुकानदार मोठी नोट पुढे येताच अडखळतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे दुकानच उडते. तारांनाही मर्यादा आहेत. तांब्याच्या तारेला ३२, सोन्याच्या तारेला १२८, लोखंडी तारेला २,०४८. मर्यादेबाहेरचा दाब आला की तार जळून नाहीशी होते. त्या मुलाने ५१२ ईयूचे गठ्ठे देणारी मोठी साठवणपेटी थेट ३२ सोसणाऱ्या यंत्राला जोडली होती. मध्ये दोन ट्रान्सफॉर्मर हवे होते: एक ५१२ वरून १२८ वर आणणारा, दुसरा १२८ वरून ३२ वर. आठवडाभराच्या मेहनतीचा घास दोन ठोकळ्यांच्या चुकीने गेला.

साठवण: शिल्लक आणि उचल

साठवणपेट्या तीन. पहिली बॅटबॉक्स, क्षमता ४०,००० ईयू, देण्याचा वेग दर टिकला ३२. दुसरी एमएफई, क्षमता ६ लाख, वेग १२८. तिसरी एमएफएसयू, क्षमता १ कोटी, वेग ५१२. एमएफएसयू करायची तर तिच्या घटकांत एक तयार एमएफई द्यावीच लागते. लहान गोदाम पोटात घेऊनच मोठे गोदाम उभे राहते. मधली पायरी चुकवता येत नाही.

ज्याने बँकेत खाते सांभाळले आहे त्याला या आकड्यांत दोन वेगळ्या गोष्टी दिसतील: खात्यातील शिल्लक आणि एका वेळी काढता येणारी रक्कम. बॅटबॉक्स पूर्ण भरलेली असताना पूर्ण वेगाने रिकामी करायला १,२५० टिक, म्हणजे जेमतेम १ मिनिट लागते. एमएफई सुमारे ४ मिनिटे पुरते, एमएफएसयू १६ मिनिटांहून थोडी अधिक. एक कोटीची शिल्लक आणि सोळा मिनिटांचा खेळ! मोठे आकडे पाहून हुरळलेल्या मुलाला हा भागाकार एकदा करायला लावावा.

भरण्याचा हिशेब याहून बोलका आहे. बॅटबॉक्स भरायला कोळशाचे १० तुकडे लागतात आणि एका जनित्राला २०० सेकंद. तीच पेटी एका सौरपट्टीवर भरायची, तर खेळातील तीनहून अधिक दिवस जातात, कारण खेळाचा दिवस-रात्र मिळून २० मिनिटांचा आणि त्यात उन्हाची जेमतेम १० मिनिटे. एमएफएसयूसाठी कोळशाचे २,५०० तुकडे. मोठे गोदाम बांधले म्हणून माल येत नाही. आवक तुटपुंजी असेल तर मोठे गोदाम म्हणजे केवळ अडकलेले भांडवल.

तरीही साठवणीवाचून चालत नाही. आवक आणि मागणी एकाच वेळी कधी जुळत नाहीत. सौरपट्टी दिवसा देते, गिरणी रात्रीही हवी असते. साठवण ही त्या दोहोंमधील अंतर भरून काढते.

शिक्षा करणारे आणि क्षमा करणारे मॉड

सर्वच मॉड इतके कडक नाहीत. 'थर्मल एक्स्पान्शन' या मॉडने रूढ केलेल्या 'रेडस्टोन फ्लक्स' या विजेत दाबाची भानगड नाही. तार जेवढे नेऊ शकते तेवढे नेते, यंत्र जेवढे घेऊ शकते तेवढे घेते, काही फुटत नाही. 'इमर्सिव्ह इंजिनिअरिंग'मध्ये खांबांवरून लोंबणाऱ्या तारा, ट्रान्सफॉर्मर आणि तीन आकारांचे धारित्र आहेत. त्यांची क्षमता अनुक्रमे १ लाख, १० लाख आणि ४० लाख. याच्या उलट 'ग्रेगटेक' दाबाबरोबर अँपिअरही वेगळे मोजायला लावतो. तेथील ट्रान्सफॉर्मर दाब चौपट करताना अँपिअर चौथाई करतो. मूल कोणते मॉड निवडते यावरून त्याच्या स्वभावाचा थोडा अंदाज येतो. कोणाला निर्वेध बांधकाम आवडते, कोणाला चूक करून शिकणे.

खेळ कोठे खरा, कोठे खोटा

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. खेळातील धडा प्रत्यक्षाशी कितपत जुळतो?

मूळ तत्त्व जुळते. दूरवर वीज न्यायची तर दाब वाढवून न्यावी आणि मुक्कामी उतरवावी, हे जगभरच्या वीजव्यवस्थेचे सूत्र आहे. महाराष्ट्रात ४०० आणि ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या याच कारणासाठी आहेत. गल्लीच्या कोपऱ्यावरची डीपी ११,००० व्होल्ट उतरवून घरात २३० व्होल्ट पोहोचवते. मात्र कारण थोडे निराळे आहे. खेळात त्याच तारेवर दाब चौपट केला तर तूट एक चतुर्थांश होते. प्रत्यक्षात तारेतील तूट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब दसपट केला की प्रवाह दहावा हिस्सा होतो आणि तूट शंभरावा हिस्सा. निसर्गाचा नियम खेळापेक्षा उदार आहे.

खेळातील ट्रान्सफॉर्मर काही गमावत नाही. खरा ट्रान्सफॉर्मर तापतो, म्हणून त्याला तेलात बुडवून ठेवतात. त्याच्या पोटात लोखंडी गाभा आणि तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची दोन वेटोळी असतात. वेटोळ्यांतील फेऱ्यांच्या प्रमाणावर दाब ठरतो. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर त्याचे काम चालते. त्यासाठी प्रवाह सतत बदलता, म्हणजे एसी हवा. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेचा, डीसी असतो. तो ट्रान्सफॉर्मरला थेट चालत नाही. म्हणून दुकानातील बॅटरीला इन्व्हर्टर जोडावा लागतो. खेळात साठवणपेटी आणि ट्रान्सफॉर्मर यांची सरळ गाठ बसते, प्रत्यक्षात बसत नाही. हा फरक मुलाला सांगितला पाहिजे.

साठवणीचेही तसेच. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. ६०० वॅटचा भार टाकला तर कागदावर तीन तास. प्रत्यक्षात त्याहून कमी. मोठ्या प्रमाणावर वीज साठवण्याचा जुना मार्ग पाण्याचा. सह्याद्रीतील घाटघर प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज घेतात. १२५ मेगावॅटचे दोन संच, एकूण २५० मेगावॅट. तो महाराष्ट्राचा एमएफएसयूच म्हणायचा.

सर्वांत मोठा फरक मात्र हा की खेळात स्फोट झाला तर पात्र पुन्हा जिवंत होते, ठोकळे पुन्हा मांडता येतात. डीपीच्या उघड्या दाराशी, लोंबत्या तारेशी किंवा इन्व्हर्टरच्या मागच्या जोडणीशी दुसरी संधी मिळत नाही. खेळामुळे मुलाला विजेविषयी कुतूहल वाटू लागले असेल, तर त्याच दिवशी हे स्पष्ट शब्दांत सांगणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. कुतूहल आणि धाक दोन्ही एकाच वेळी द्यायला हवेत. केवळ धाक दिला तर मूल विचारणे सोडते. केवळ कुतूहल दिले तर हात पुढे करते.

विचारण्याजोगे चार प्रश्न

खेळ न खेळता आजोबांना किंवा आजीला या विषयात शिरता येते. चार प्रश्न पुरेसे आहेत. दर टिकला जमा किती आणि खर्च किती? साठवण किती मिनिटे पुरेल? वाटेत तूट किती जाते आणि ती कमी करायला काय खर्च येईल? आणि तार जोडण्यापूर्वी पलीकडचे यंत्र किती दाब सोसते हे पाहिले का? हे चारही प्रश्न दुकानाच्या गादीवर बसून रोज विचारले जातात. फक्त शब्द वेगळे असतात. मुलाला एक वही द्यावी, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि बांधकामाआधी कागदावर मेळ जुळवायला सांगावे. वहीत गेलेला वेळ पडद्यावरून वजा होतो, हा आणखी एक लाभ.

मग "माल किती गेला?" या प्रश्नाचे उत्तर मूल नीट देऊ शकेल. एक मॅसरेटर, भोवतालची भिंत, तारेचे काही तुकडे. आजोबा त्यावर म्हणतील, "भांडवल शाबूत आहे ना? मग पुन्हा मांड. पण या वेळी मध्ये दोन ट्रान्सफॉर्मर ठेव, आणि जोडण्याआधी एकदा मला दाखव."